आत्यांचं नाक

पोटमाळा भरायच्या दिवशी आत्यांच्या आधी उठायचं नाही, असा या घरात कुणी नियम केलेला नव्हता. पण थोरल्या भाच्याच्या लग्नानंतरच्या पहिल्याच पानगळीत नव्या सुनेनं हौसेनं लवकर उठून शेगडी पेटवली, तेव्हा आत्यांचा चेहरा असा काही पडला की तेव्हापासून त्या दिवशी जाग आली तरी सगळं घर डोळे मिटून पांघरुणात पडून राहायचं. आत्यांना हे ठाऊक होतं. पण लाड कुणाला नको असतात?

यंदाही त्या उजाडता उजाडता उठल्या आणि मागचं दार उघडून पायरीवर उभ्या राहिल्या. अंगणातल्या अक्रोडानं रातोरात निम्मा पाला टाकला होता. शेजारच्या परसात पानांचा ढीग धुमसत होता आणि धूर वर न जाता जमिनीवरून रांगत कुंपणाखालून आपल्याकडे येत होता. ट्रंकेतून काढलेले लोकरी कोट दोरीवर तसेच राहिले होते, त्यांच्या खांद्यांवर दव बसलं होतं. आणि मागच्या पडवीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, सफरचंदांच्या पेट्या रचून ठेवलेल्या होत्या. सत्तर वर्षांत आत्यांना या सकाळीइतकं दुसरं काही आवडलेलं नव्हतं. ओला पाला, धूर, डांबराच्या गोळ्या, सफरचंद. या चार वासांसाठी त्या वर्षभर थांबायच्या.

त्यांनी डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. नुसती थंडी आत गेली.

दोन वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यात मोठा ताप आला, आठ दिवसांनी उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. आधी आत्यांना वाटलं, सर्दी आहे, जाईल. मग एकदा दूध करपून भांडं काळं झालं तरी त्या शेजारी बसून लोकर विणत होत्या, तेव्हा त्यांना कळलं, की ही सर्दी नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही परत, नाहीही येणार. आत्यांनी घरी येऊन औषधाची बाटली दाखवली आणि गुडघ्यासाठी दिलंय म्हणून सांगितलं.

बाकी कुणाचा वास गेला असता तर एवढं काही बिघडलं नसतं. पण या घरात पोटमाळा आत्यांच्या नाकावर चालायचा. हिवाळाभर सफरचंदं वर फळ्यांवर मांडून ठेवायची, आणि रोज सकाळी आत्यांनी वर जाऊन मध्ये उभं राहायचं. एक जरी सफरचंद आतून सडायला लागलं तरी, सालीवर डाग उमटायच्या कितीतरी आधी, त्या सरळ त्या फळीकडे चालत जायच्या आणि हात घालून नेमकं तेच उचलायच्या. त्यांच्या भावानं, म्हणजे थोरल्या-धाकट्याच्या वडिलांनी, जाण्यापूर्वी पोटमाळ्याची किल्ली तेव्हा हयात असलेल्या बायकोकडे न देता बहिणीच्या हातात दिली ती यासाठीच. लग्न न झालेली बहीण भावाच्या घरी राहते तेव्हा लोक तिला सांभाळतात. आत्यांना कुणी सांभाळत नव्हतं, त्या पोटमाळा सांभाळत होत्या. हे जे होतं, ते जाऊ नये एवढंच त्यांना हवं होतं.

आणि त्यासाठी मागच्या वर्षी त्यांनी एकदा मान हलवली होती.

* * *

नऊ वाजेपर्यंत सगळे पडवीत जमले. थोरला बाह्या वर सरसावून पेट्या सरकवत होता. बागेचं सगळं तोच बघायचा, त्यामुळे या दिवशी त्याच्या आवाजाला जरा जास्तच धार असायची. धाकटा पोस्टमन. तो रजा काढून आला होता आणि आल्यापासून एका पेटीवर बसून सफरचंद खात होता.

"अरे, ठेवायचीत ती. खायची नाहीत," थोरला म्हणाला.

"मी तपासतोय," धाकटा म्हणाला.

दोघांच्या बायकांपैकी कुणी हसलं नाही. थोरली कागदाचे तुकडे फाडत होती. एकेक सफरचंद कागदात गुंडाळून ठेवायचं असतं, एकाची सड दुसऱ्याला लागू नये म्हणून. धाकटी तिच्याकडे पाठ करून पेटीतला भुसा झटकत होती. पूर्वी या दोघी जावा शेजारी शेजारी बसून गुंडाळायच्या, आणि त्यांच्या गप्पांपायी निम्मे कागद फाटायचे. आता वर्ष झालं, त्या एकमेकींशी मीठ दे, दार लाव एवढंच बोलत होत्या.

त्याचं कारण डोक्यावर होतं. या घराचं छप्पर धाकटीच्या भावानं बांधलेलं. तो सुतार, आणि थोरल्याचा शाळेपासूनचा जिवलग. मागच्या हिवाळ्यात पोटमाळ्यातली तिसरा हिस्सा सफरचंदं सडून गेली. थोरल्यानं वर जाऊन पाहिलं तर फळ्या ओल्या, जमीन ओली. "छप्पर गळतंय ना, आत्या?" त्यानं विचारलं होतं. आणि आत्यांनी होकारार्थी मान हलवली होती. थोरला तसाच जिना उतरला, चौकात गेला आणि चार माणसांच्या देखत सुताराला म्हणाला, की मित्राच्या घराला कुजकं लाकूड वापरताना तुला लाज कशी वाटली नाही. मग दुसऱ्या माणसाकडून छप्पर बदलून घेतलं. थोरलीनं नवऱ्याची बाजू घेतली, धाकटीनं भावाची. दरवर्षी या दिवशी पहिली पेटी खांद्यावर घेऊन जिना चढणारा सुतार यंदा आला नव्हता, आणि त्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

"चल आत्या," थोरला म्हणाला. "वर जाऊन बघ, म्हणजे सुरुवात करू."

हीही पद्धतच होती. रिकाम्या पोटमाळ्यात आत्यांनी एकटीनं जायचं, वास घ्यायचा. उंदीर, बुरशी, ओल, काही नाही असं पाहून खाली हाक मारायची, की मग पेट्या चढायच्या. आत्या कमरेची किल्ली काढून जिना चढल्या. दार उघडलं. फळ्या घासूनपुसून लख्ख झालेल्या, खिडकीतून उन्हाचा चौकोन पडलेला. कालच धाकटीनं सगळं झाडून, धुऊन काढलं होतं. आत्या मध्ये उभ्या राहिल्या. नाक वर केलं, दोनदा श्वास घेतला, जरा वेळ थांबल्या. पाहणारं कुणी नव्हतं, तरी थांबल्या.

"छान आहे," त्यांनी हाक मारली. "भरा."

थोरला पहिली पेटी घेऊन दारात आला आणि उंबऱ्यावरच थबकला. त्याच्या कपाळावर एक आठी आली.

"भरायचं?"

"मग काय आमंत्रण पाठवू तुला?"

"नाही, म्हणजे... तू म्हणतेस ना भरा?"

"म्हणतेय की."

थोरल्यानं आत्यांकडे पाहिलं, फळ्यांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पेटी आत आणून ठेवली. त्याच्यामागून धाकटा आला. तोही दारात घुटमळला. तोंड उघडलं, थोरल्याकडे पाहिलं, थोरल्यानं खांदे उडवले, आणि त्यानं तोंड मिटलं. तिसरी पेटी आली, चौथी आली. थोरली वर आली ती डोळे बारीक करून. आत्यांना कळेना, की यंदा सगळ्यांना झालंय काय. एरवी या वेळेला गोंगाटानं छप्पर उडायची पाळी यायची.

सातव्या पेटीला धाकटी आली. पेटी खाली ठेवली आणि सरळ होता होता तिनं स्वेटरची बाही नाकाला लावली. क्षणभरच. पण आत्यांनी दोन वर्षं डोळ्यांनी वास घेतले होते. कुणाचं नाक कधी मुरडतं, कोण खिडकी उघडतं, कोण ताट जरा लांब सरकवतं, सगळं त्यांच्या नजरेला पडायचं. त्यांनी धाकटीच्या बाहीकडे पाहिलं, मग थोरल्याच्या आठीकडे. इथे कसलातरी वास होता. सगळ्यांना येत होता. आणि केवळ त्या भरा म्हणाल्या म्हणून चार शहाणी माणसं तोंडातून ब्र न काढता सफरचंदं आणून ठेवत होती.

"आता मला राहवत नाही हं," थोरली म्हणाली. "आत्या, तुम्ही म्हणाल ते खरं. पण या रॉकेलच्या वासात सफरचंदं ठेवायची? जानेवारीत खायची म्हटलं तर काडी लावून खावी लागतील."

"मलाही तेच वाटलं," धाकटा लगेच म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"दादा बोलला नाही!"

"मला वाटलं, आत्या म्हणते म्हणजे उडून जाईल," थोरला म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "पण रॉकेल आलं कुठून? गेल्या आठवड्यात फळ्यांच्या किडीला लावायला आणलं होतं मी. डबा तिथे कोपऱ्यात ठेवला होता, घट्ट बूच लावून. काल वर कोण होतं?"

तिघांच्याही माना हळूच धाकटीकडे वळल्या.

"मी डब्याला हातसुद्धा लावला नाही," धाकटी म्हणाली.

"धुताना लागला असेल धक्का."

"नाही लागला, भावजी."

"मग आपोआप सांडलं का? तुमच्या घरच्यांचं हे एक बरं असतं. आमच्याकडून काही झालंच नाही म्हणायचं."

धाकटीचा चेहरा लाल झाला. धाकटा, आयुष्यात पहिल्यांदाच, थोरल्याच्या समोर उभा राहिला. "दादा, जपून बोल."

आत्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती रडली असती तर कदाचित त्या अजूनही गप्प बसल्या असत्या. पण ती रडत नव्हती. ती थेट आत्यांकडे बघत उभी होती.

"थांब रे," आत्या म्हणाल्या. "थांब. मला वास येत नाही."

थोरला हसला. आधी हसलाच. "काहीतरीच काय, आत्या."

"दोन वर्षं झाली. तो मोठा ताप आला होता बघ, त्यात गेला. मला हे रॉकेल कळलं नाही. सफरचंद कळत नाही. कुजकंही कळत नाही." त्यांनी भिंतीला हात टेकला. "मागच्या वर्षी छप्पर गळलं नव्हतं रे. सफरचंदं आतून सडत होती. त्यांचंच पाणी फळ्यांवरून ओघळून खाली आलं. मी रोज सकाळी इथे मध्ये उभी राहून सगळं ठीक आहे म्हणत होते."

"पण मी तुला विचारलं होतं. गळतंय का म्हणून. तू मान हलवलीस."

"हलवली."

"मी चौकात जाऊन त्याला..." थोरला जवळच्या पेटीवर बसला. मग हात लांब करून त्यानं कोपऱ्यातला रॉकेलचा डबा उचलला, तर बूच जागच्या जागी होतं आणि गंजलेल्या तळातून एक थेंब त्याच्या बुटावर पडला. तो त्या थेंबाकडे बघत राहिला. मग धाकटीकडे न बघता म्हणाला, "चुकलं माझं," आणि उठून जिना उतरून गेला. खाली फाटक वाजलं.

आत्यांनी किल्ली काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "घ्या कुणीतरी. मी लबाडी केली. मला वाटलं, हे गेलं तर मी या घरात नुसती पानावर बसणारी म्हातारी होईन."

थोरलीचे डोळे भरून आले, पण तिला रडायचा राग होता. "उचला पेट्या खाली," ती म्हणाली. "आधी या फळ्या साबणानं धुवायला हव्यात. दोनदा."

धाकटा मात्र आत्यांच्या समोर येऊन उभा राहिला. "एक मिनिट. मग दोन वर्षं तू मला रोज जे म्हणत होतीस, आंघोळ न करता जेवायला बसतोस, वास मारतोस, ते?"

"ते तुझ्या केसांवरून कळतं."

धाकट्यानं त्यांना जवळ घेतलं. आत्या त्याच्या खांद्यावर हसल्या, आणि मग खूप वेळ रडल्या.

* * *

थोरला सुताराला घेऊनच परत आला. दोघंही घामेजलेले. वाटेत काय बोलणं झालं ते त्यांनी पुढेही कधी कुणाला सांगितलं नाही. सुतार अंगणातच उभा राहिला. आत्या त्याला पाहून खुर्चीतून उठल्या.

"बसा हो आत्या."

"नाही. उभ्यानंच सांगणार. तुझ्यावर आळ आला तो माझ्यामुळे. मला ठाऊक होतं आणि मी वर्षभर गप्प राहिले. मला माफ कर असं म्हणत नाही. मी केलं ते तुला माझ्या तोंडून कळायला हवं, एवढंच."

सुतारानं पायानं पाला इकडून तिकडे केला. "छप्पर गळत नाही हे मला माहीत होतं, आत्या. माझ्या हातचं होतं ते. पण वाईट वाटलं. याच्या पोरांचे पाळणे मी केलेत." त्यानं थोरल्याकडे पाहिलंही नाही. "वाईट म्हणजे फारच वाईट वाटलं."

मग त्यानं मान वर केली आणि सवयीनं छप्पर न्याहाळायला लागला. बघता बघता त्याच्या भुवया वर गेल्या.

"हे नवीन कुणी केलं?"

"आहे एक," थोरला पुटपुटला.

"पन्हळ उलट्या उतारानं लावलीय शहाण्यानं. आता त्यात पाला साचला की सगळं पाणी तुमच्या पोटमाळ्यात." तो थोरल्याकडे वळला. "हे मात्र गळेल बरं का."

आधी थोरली हसली. मग सगळेच. थोरला हसता हसता मित्राच्या दंडाला धरून उभा राहिला, आणि सुतारानं तो हात झटकला नाही.

* * *

पोटमाळा दोनदा धुतला तरी रॉकेल हटेना, म्हणून पेट्या बैठकीच्या खोलीत आणून ठेवल्या. खुर्च्यांना जागा उरली नाही. दिवेलागणीला बाकीचे अंगणात सुताराच्या शिडीभोवती जमले होते आणि आत्या त्या पेट्यांमध्ये एकट्याच बसल्या होत्या. धाकटी आत आली, पेट्यांवरून पाय टाकत त्यांच्याजवळ येऊन जमिनीवर बसली.

"तू सकाळी माझ्याकडे बघत होतीस," आत्या म्हणाल्या. "बाकीचे तुझ्याकडे, आणि तू माझ्याकडे. तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मागच्या पानगळीपासून. मी साबण लपवला होता तुमच्या उशीखाली, उग्र वासाचा. खात्री करायला." धाकटी खाली बघत म्हणाली. "तुम्ही आठ दिवस त्याच्यावर झोपलात."

"अगं! आणि बोलली नाहीस? भावावर आळ येऊनसुद्धा?"

"तो म्हणाला, राहू दे, म्हातारीच्या हातातून ते काढून घेऊ नकोस."

"तुला राग नाही आला माझा?"

"आला की. रोज यायचा. तुम्हाला चहा द्यायचे तेव्हा सगळ्यांत जास्त यायचा." तिनं भुशातली एक काडी उचलून मोडली. "वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील. यंदा मात्र ठरवलं होतं. तुम्ही संध्याकाळपर्यंत बोलला नाहीत तर मी बोलायचं."

"म्हणजे बोलली असतीस."

"बोलले असते. पण मला बोलायचं नव्हतं, आत्या."

आत्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. धाकटीनं डोकं त्यांच्या गुडघ्याला टेकवलं. बाहेर शिडी सरकवल्याचा आवाज आला, कुणीतरी कुणालातरी मूर्ख म्हटलं.

"सांग मला," आत्या म्हणाल्या. "कसा वास येतोय इथे?"

"सफरचंदांचा."

"ते आंधळ्यालाही कळेल. नीट सांग."

धाकटीनं डोळे मिटले. "भुशाचा येतोय, कोरडा. कागदाच्या शाईचा. तुमच्या शालीला डांबराच्या गोळ्यांचा. सफरचंद आहे, आंबटसर, गार. आणि..." ती थांबली. "आणि एक आहे, मला सांगता येत नाही."

"गोड आहे?"

"हो. जरा जास्तच गोड. आणि त्याच्यामागून काहीतरी लागतं घशाला."

आत्या ताठ बसल्या. "शिळ्या मधासारखं?"

"हो! तसंच."

"कुठून येतंय? डोकं हलवू नकोस, नुसती नाकपुडी फिरव. दाराकडून की खिडकीकडून?"

"खिडकीकडून... नाही, खालून. तळातून."

"वारा दारातून आहे, म्हणजे जरा अलीकडचं धर. ती कडेची पेटी. वरचे दोन थर काढ. देठाकडची बाजू हुंग, पोटाकडची नको."

धाकटी गुडघ्यांवर बसली आणि एकेक सफरचंद उचलून नाकाशी नेऊ लागली. चौथं नाही, पाचवं नाही. नववं तिनं दोनदा हुंगलं आणि आत्यांच्या हातात दिलं. लालबुंद, टणक, कुठे टिकलीएवढाही डाग नाही. आत्यांनी ते चारी बाजूंनी चाचपलं आणि कागद कापायची सुरी घेऊन मधोमध चिरलं.

आत, बियांच्या भोवती, रुपयाएवढं तपकिरी वर्तुळ होतं.

आत्या ते बघत राहिल्या. त्यांच्या आयुष्यात असं सफरचंद दुसऱ्या कुणी कधी शोधून काढलं नव्हतं, आणि त्यांना वाटलं होतं की हे पाहताना काळजात काहीतरी तुटेल. पण तसं झालं नाही. त्यांना इतका आनंद झाला की दोन्ही अर्धुकं हातात धरून त्या खिडकीपाशी गेल्या आणि अंगणाच्या दिशेनं, उभ्या जन्मात कधी ओरडल्या नव्हत्या तेवढ्या मोठ्यानं ओरडल्या:

"अरे, या रे सगळे! सोडा ते छप्पर! या, आणि हिचं नाक बघा!"